पीटीच्या तासाचं गाऱ्हाणं

"ज्या देशाची मुलं धावत नाहीत, तो देश कुठेच पोचत नाही!" असं काशीराम नागवेकर एका शनिवारी सकाळी गरजले, आणि हातभर अंतरावरच्या टीपॉयवरचा रिमोट द्यायला त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली.

गोदूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, बाहेर येऊन रिमोट हातात दिला आणि देशाबद्दल काहीही मत न देता परत आत गेल्या.

देश हा विषय निघायला कारण घडलं होतं इयत्ता दुसरीत. काशीरामांची नात सानवी दुसरीत होती. मुलगा निलेश बोटीवर, सून ईशा बँकेत, त्यामुळे नातीच्या जडणघडणीचं खातं काशीरामांकडे आलं होतं. हे खातं त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं, पण सांगताना ते "माझ्यावर येऊन पडलं" असं सांगत. तर या सानवीचं दर शनिवारी सकाळी पोट दुखायचं. शनिवारी सकाळची शाळा, पांढरा फ्रॉक, पांढरे बूट आणि पीटीचा तास. ईशा घाईघाईत तिच्या बुटांच्या नाड्या बांधायची आणि ही पोट धरून, भिंतीला टेकून उभी. पोट मात्र मोठं शिस्तीचं. सोमवार ते शुक्रवार कधी दुखलं नाही. सुट्टीच्या शनिवारी तर त्याने फणसाचे गरे निमूटपणे पचवले होते.

त्यातच वर्गशिक्षक विनीत सरांचा ईशाच्या फोनवर निरोप आला : "सानवी मैदानावर येते, पण झाडाखाली बसून राहते. प्रेरणेचा अभाव जाणवतो."

अभाव! काशीरामांच्या वर्मी लागलं. त्यांनी सगळी नोकरी एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत काढली होती. त्यांनी मायक्रोफोनवर नुसतं "राजापूर" म्हटलं की माणसं पोरंबाळं, पिशव्या, कोंबड्या सांभाळत धावत सुटायची. ज्या माणसाने अख्ख्या जिल्ह्याला पळवलं, त्याच्या घरात प्रेरणेचा अभाव? शिवाय हीच मुलगी संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात अनवाणी धावायला लागली की तिला मांजरसुद्धा गाठू शकत नसे.

त्यांनी सानवीला समोर बसवलं.

"सानू, आम्ही तुझ्याएवढे होतो तेव्हा भाट्याला समुद्राच्या पुळणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचो."

"मग आता का नाही धावत?"

"आता मी सेवानिवृत्त झालोय गो."

सानवीने थोडा विचार केला. "मी पण झाले पीटीतून."

आतून गोदूबाईंना ठसका लागल्याचा आवाज आला. काशीरामांनी पहिली फेरी तिथेच आटोपती घेतली.

घरातली अडचण जिन्यात पोचायला आमच्याकडे वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावरची मनस्वी संध्याकाळीच उतरून आली. तिने बालमानसशास्त्राचा एक ऑनलाइन कोर्स केला होता आणि तिला स्वतःचं मूल नसल्यामुळे त्या कोर्सला अजून कुठे धक्का लागला नव्हता.

"काका, मुलांना आतून वाटलं पाहिजे."

"आतूनच दुखतंय तिला."

"तसं नाही हो! आणि एक सांगते, बक्षीसबिक्षीस लावू नका. मग मुलं फक्त बक्षिसासाठी करतात. संशोधन आहे तसं."

"संशोधनाला नातवंडं आहेत का?" काशीरामांनी विचारलं. मनस्वीने मोबाइल काढला, आणि तिला उत्तर सापडेपर्यंत तळमजल्यावरचे गंगाराम शितप आले. गंगाराम मूळचे राजापूरकडच्या एका गावातले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. म्हणजे गावकऱ्यांच्या वतीने देवापुढे नारळ ठेवून सगळी दुखणीखुपणी खड्या आवाजात मांडायची आणि मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला जोर द्यायचा. शहरात या मानाला वाव नव्हता. म्हणून सोसायटीची पाण्याची मोटार बंद पडली तेव्हा त्यांनी मोटारीपुढे गाऱ्हाणं घातलं होतं. मोटार सुरू झाली. वायरमनही त्या वेळी तिथेच पान्हा घेऊन बसला होता, पण श्रेय कुणाला द्यायचं यावर सोसायटीत अजून दोन तट आहेत.

"काशीभाव, माजा ऐका," गंगाराम म्हणाले. "पोरगी धावत नाय म्हंजे मधी काय तरी आडवा आलाय. गारानं घाला."

"गंगाराम, पीटीला?"

"आवो, लगनाला घालतव, पेरणीला घालतव, पीटीनं काय पाप केलाय?"

काशीरामांनी दोन्ही सल्ले नम्रपणे ऐकून घेतले आणि दोन्हींच्या विरुद्ध जायचं ठरवलं. गोदूबाईंच्या माहेराहून आलेल्या काजूगरांचा डबा त्यांनी कपाटातून काढला आणि सानवीपुढे करार मांडला. शनिवारी शाळेच्या मैदानाला एक फेरी, घरी आल्यावर एक काजूगर. सानवीने डब्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि विचारलं, "अख्खा की पाकळी?"

"अख्खा."

करार झाला. पुढच्याच शनिवारी पोरगी घरी आली ती हात पुढे करून. "चार फेऱ्या." त्याच्या पुढच्या शनिवारी सहा. काशीराम जिन्यातून येता-जाता मनस्वीला ऐकू जाईल अशा आवाजात गुणगुणू लागले. संशोधन हरलं होतं, काजूगर जिंकला होता. डबा तळाला लागत चालल्याचं गोदूबाई सांगत होत्या, पण देश पोचायचा असेल तर काहीतरी खर्ची पडणारच.

मग विनीत सर रस्त्यात भेटले.

"काका, एक विचारायचं होतं. आमच्या वर्गातला अजिंक्य हल्ली एकटाच फेऱ्या मारतोय. पार दमतो हो. विचारलं तर म्हणतो, सानवीच्या वाटच्या मारतोय. अर्धा काजू त्याचा."

काशीराम तिथल्या तिथे उभे राहिले. नातीने प्रेरणा ठेक्याने दिली होती.

खरं तर माणसाने इथे थांबावं. पण आपला मान दुखावला की आपण जास्त वरच्या कचेरीत जातो. काशीराम सोमवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून मुख्याध्यापिका पावसकर मॅडमच्या पुढे बसले आणि म्हणाले, की हा प्रश्न एका मुलीचा नसून पिढीचा आहे. तेव्हा मैदानावर स्वतः उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक धावणाऱ्या मुलाला काजूगर वाटायची परवानगी मिळावी.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कल्पना फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकल्यावर काम होत नाही, हे नोकरी केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. "पण बाहेरचा खाऊ शाळेत द्यायचा, तर व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवावा लागेल."

समितीपुढे विषय ठेवला गेला. एका सदस्याने विचारलं, काजूगर ओले की सुके. दुसऱ्याने, शनिवारचा उपास असलेल्या मुलांना काजू चालतो का. चालतो यावर एकमत झालं, पण खारा चालत नाही यावर पाऊण तास गेला. तिसऱ्याचं म्हणणं, दुसरीला दिले तर तिसरीने काय घोडं मारलंय. चौथ्याची आंब्याची बाग होती. त्याने प्रेरणेसाठी आंबाच कसा योग्य आहे ते सांगितलं. शेवटी ठरलं ते असं : खाऊ कुणीच द्यायचा नाही, त्याऐवजी शाळेने 'प्रेरणा सप्ताह' साजरा करायचा, सप्ताहाला मोकळ्या तारखा नसल्यामुळे तो एका शनिवारी उरकायचा, केंद्रप्रमुख साहेबांना बोलवायचं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून श्री. काशीराम नागवेकर यांनी 'प्रेरणा' या विषयावर दोन शब्द बोलायचे.

"छे छे, मला कशाला," काशीराम म्हणाले आणि त्याच संध्याकाळी जाऊन पांढरे, नाडीचे स्पोर्ट्स शूज घेऊन आले. त्यांच्या पायात चपलेशिवाय दुसरं काही कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सानवी त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, उद्या तुम्ही येऊ नका ना."

"का गो?"

"असंच." मग थोड्या वेळाने, "उद्या सगळ्यांना धावायला लागणार?"

"म्हणजे काय! तू तर सगळ्यांत पुढे. प्रमुख पाहुण्यांची नात!"

सानवी आत निघून गेली. त्या संध्याकाळी तिने अंगणात पाऊल टाकलं नाही, आणि डब्यातले उरलेले काजूगर समोर ठेवले तरी हात लावला नाही. काशीरामांच्या ते नजरेत आलं. पण प्रेरणा आत शिरत असताना मूल गंभीर होतं, असं काहीसं मनस्वीच्या मोबाइलवर त्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते निर्धास्त झाले.

शनिवारी सकाळी वेगळीच अडचण उभी राहिली. काशीराम आणि बुटाच्या नाड्या यांच्यामध्ये काशीरामांचं पोट होतं.

"अहो, जरा पोट आत घ्या," पायाशी बसलेल्या गोदूबाई म्हणाल्या.

"घेतलंय."

"हे आत घेतलेलं आहे?" असं म्हणून त्यांनी दोन्ही बुटांना नाड्यांची दोन सुबक फुलं बांधली. बाहेर ईशा सानवीच्या नाड्या बांधत होती. एका घरातून दोन पांढऱ्या बुटांच्या जोड्या शाळेला निघाल्या आणि दोन्हींच्या मालकांचे चेहरे बघण्यासारखे होते. एक फुललेला, एक उतरलेला.

शाळा सड्यावर, उघड्या पठारावर. मैदान काळ्या कातळाचं, एका अंगाने उतरतं. कडेला एक जुनं काजूचं झाड. वर्गात जाताना मुलं बूट दाराबाहेर काढून ठेवत, ते घालायचा हुकूम झाला, आणि बुटांच्या ढिगाऱ्यातून आपापले पाय शोधत पोरं रांगेत आली. सानवी सगळ्यांत मागून आली आणि झाडाखाली जाऊन पाय फ्रॉकखाली घेऊन बसली. काशीरामांनी खुर्चीतूनच तिला खुणा केल्या. तिने मान फिरवली. केंद्रप्रमुख साहेब शेजारीच बसले होते, त्यामुळे काशीरामांनी त्या खुणा माशी हाकलल्यासारख्या करून संपवल्या.

मग त्यांच्या हातात माइक आला. इतक्या वर्षांनी माइक हातात आल्यावर माणसाचं काय होतं ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. 'विद्यार्थी मित्रहो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं : "इयत्ता दुसरीची तुकडी थोड्याच वेळात मैदानावरून सुटेल. सर्वांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी."

पोरं खूश झाली. एकाने खिडकीची जागा मागितली.

"आता शुभारंभाचा नारळ," पावसकर मॅडम लगबगीने म्हणाल्या. त्या क्षणी गर्दीतून, कुणीही न बोलावता, धोतराचा सोगा सावरत गंगाराम पुढे आले. नारळ त्यांनी कातळावर ठेवला, हात जोडले आणि काशीरामांना "गंगाराम, नको" म्हणायला सवड मिळायच्या आत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या शाळंच्या मैदानात ही बारकी बारकी पोरां धावायला हुबी ऱ्हायलीत, म्हाराजा!"

रांगेतली निम्मी पोरं गावाकडे देवळात जाणारीच होती. एका दमात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या पायाला बळ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कुना पोराच्या पोटात शनवारी दुकत आसंल, तर ती पीडा समिंदरापल्याड टाक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" झाडाखालची सानवी मात्र आणखी थोडी आत सरकली.

"आनी हे आलेलं सायेब, त्यांची बदली घराजवळ होऊ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज केंद्रप्रमुख साहेबांचा होता.

पीटीच्या तासाला इतका उत्साह त्या मैदानाने कधी पाहिला नव्हता. गंगारामांनी नारळ फोडला. विनीत सरांनी घाईने शिट्टी मारली. आणि एकही मूल हललं नाही.

"धावा!" सर ओरडले.

"प्रसाद?" पहिल्या रांगेने विचारलं.

आता गाऱ्हाणं झाल्यावर प्रसाद न घेता कुणी जागचं हलतं का? हे त्या मुलांना आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत होतं. खोबरं फोडून वाटण्यात वेळ गेला. समितीने काजूला घातलेली बंदी खोबऱ्याला लागू पडते का, असं एका सदस्याने विचारून घेतलं. खोबरं वाटल्यावर पावसकर मॅडम म्हणाल्या, तोंडात खोबरं असताना धावायचं नाही, घशात अडकेल. ते चावून होईतो सगळे थांबले. मग सरांनी पुन्हा शिट्टी मारली. पोरं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणाली आणि कार्यक्रम आटोपला असं समजून खाली बसली.

केंद्रप्रमुख साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला वाटतं," ते म्हणाले, "तो नारळ देवाचा झाला. उद्घाटनाचा वेगळा. तो पाहुण्यांच्या हस्ते व्हावा."

दुसरा नारळ आला. काशीराम उठले, त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि हात खाली आणताना नारळ निसटला. कातळावर एक उसळी घेतली, उताराची दिशा पकडली, आणि तो निघाला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग अजिंक्य ओरडला, "नारळ सुटला!" आणि अख्खी दुसरी त्याच्यामागे सुटली. शिट्टी नाही, हुकूम नाही, रांग नाही. पहिलीची पोरं, तिसरीची पोरं, तोंडात शिट्टी विसरलेले आणि दर पावलाला वाजणारे विनीत सर, सोगा हातात धरलेले गंगाराम. "अरे, फेरी डावीकडून!" म्हणत शेवटी पावसकर मॅडमही. केंद्रप्रमुख साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "याला म्हणतात उत्स्फूर्त सहभाग! नागवेकर, ही पद्धत मी बाकीच्या शाळांना कळवतो."

काशीरामांचा ऊर भरून यायला हरकत नव्हती. तो भरत आलाही होता. पण त्यांचं लक्ष झाडाकडे गेलं. मैदान रिकामं, सगळा दंगा पलीकडच्या उतारावर, आणि झाडाखाली एक पांढरा फ्रॉक. ती त्या धावणाऱ्या पोरांकडे बघत होती. काशीरामांनी स्टँडवर अशी माणसं पाहिली होती. गाडी डोळ्यांदेखत गेलेली, हातात पिशवी तशीच. अभाव वगैरे तिथे काही नव्हतं.

ते झाडापाशी गेले.

"पोटात दुखतंय गो?"

सानवीने मान हलवली. नाही.

"मग काय झालं?"

तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी नाही असं बघून फ्रॉकखालून पाय हळूच पुढे केले. बूट पायात होते, पण नाड्या मोकळ्या, चुरगळून आत कोंबलेल्या.

"आई घरी बांधते. पण वर्गाबाहेर बूट काढायला लागतात ना. मग मला परत बांधता येत नाहीत."

"एवढंच? अगो, मग सरांना सांगायचं!"

"आमच्या वर्गातल्या चिमाने सांगितलं होतं. मग सगळे तिला बालवाडी म्हणाले. अजून म्हणतात."

काशीरामांनी मनात हिशेब मांडला. काजूगर, समिती, सप्ताह, साहेब, दोन नारळ. नंतर त्यांची नजर आपल्याच बुटांवरच्या त्या दोन सुबक फुलांवर गेली. सकाळपासून त्यांना एकच धास्ती होती, की ही कुणी बांधली असं कुणी विचारू नये.

"सानू," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्यासुद्धा आजीने बांधून दिल्यात."

सानवीचे डोळे मोठे झाले. "मग तुम्हाला पण बालवाडी म्हणतात?"

"अजून कुणाला कळलेलं नाही."

"मी नाही सांगणार."

"मी पण नाही सांगणार."

आता हे उभ्याने शिकवण्यासारखं काम नव्हतं. काशीराम बसले. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत ते बसले, पुढचं पृथ्वीने केलं. त्यांनी सानवीचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि नाड्या बाहेर काढल्या.

"हे बघ. ही एक गाडी, ही दुसरी गाडी. दोघी हातखंब्याच्या फाट्यावर एकमेकींना ओलांडतात. ओलांडली? आता हिला पुलाखालून काढ. खेच. हां. आता ही गाडी गणपतीपुळ्याला जाऊन वळसा घेते. असा. वळसा सोडायचा नाही, चिमटीत धर. दुसरी त्याला फेरी मारून येते आणि मागच्या खिंडीतून राजापूरला निघते. बाहेर आली की दोन्ही खेच."

पहिल्यांदा गाडी खिंडीतच बंद पडली. दुसऱ्यांदा वळसा सुटला. सानवीने जीभ दातांत धरली. तिसऱ्यांदा एक वाकडं, एका कानाने मोठं, एका कानाने बारीक असं फूल बुटावर बसलं.

"सुटेल?"

"नाही सुटत. घट्ट आहे." काशीरामांनी दुसऱ्या बुटाला हात घातला, तो तिने बाजूला केला. दुसरं तिचं तिने बांधलं. काशीरामांना मधे दोनदा राहवेना, पण गाडी चालकाच्या ताब्यात असताना नियंत्रकाने तोंड घालू नये, हे त्यांना ठाऊक होतं.

सानवी उठली. एक पाय आपटून पाहिला, दुसरा आपटून पाहिला. मग पळाली. नारळाकडे नाही, तो तर पोरं आता वरातीसारखा मिरवत आणत होती. ती नुसतीच मैदानाच्या कडेने पळत सुटली. तिला कुणी शिट्टी मारली नव्हती, काजू कबूल केला नव्हता. वेण्या मागे राहिल्या होत्या आणि दर काही पावलांनी ती खाली बुटांकडे बघत होती आणि हसत होती.

तेवढ्यात माइकवरून पावसकर मॅडमचा, दम लागलेला आवाज आला. "प्रमुख पाहुण्यांनी कृपया व्यासपीठावर यावं. आता ते आपल्याला... प्रेरणा... या विषयावर दोन शब्द सांगतील."

टाळ्या पडल्या. काशीरामांनी एक हात जमिनीला लावून पाहिला. मग दोन्ही लावून पाहिले. झाडाच्या बुंध्याकडे हात नेला, पण बुंधा तितका जवळ आला नाही. सानवी वळसा घेऊन त्यांच्या समोरून सूंकन पुढे निघाली होती.

"सानू!"

"काय आजोबा?" ती न थांबता ओरडली.

"तुझी फेरी होऊ दे पुरी. मग इकडे ये गो जरा," काशीराम शक्य तितक्या भारदस्त आवाजात म्हणाले. "मला उठवायचं आहे."